एचआयव्ही आणि घरातली हिंसा: कोल्हापूर जिल्ह्यात बाईच्या बाजूनं उभं राहताना काय करावं

गरोदरपणात दवाखान्यात नाव घातलं की बाईचं रक्त तपासतात. त्यात एचआयव्हीचीही तपासणी असते. नवऱ्याची तपासणी मात्र कुणी मागे लागेपर्यंत होत नाही. त्यामुळं कितीतरी घरांत आधी कळतं ते तिचं, आणि जिचं आधी कळलं तिनंच आणलं, असा हिशोब सासरी मांडला जातो. त्या रिपोर्टवरून विषाणू शरीरात आहे एवढंच समजतं. कुणाकडून कुणाला गेला ते समजत नाही. तरी ताट-वाटी वेगळी होते, चुलीजवळ जायला बंदी होते, आणि नवरा वारला की तेराव्यानंतर माहेरी धाडायची भाषा सुरू होते.

हा लेख तिच्यासाठी आहे, आणि त्याहून जास्त तिच्या सोबतिणीसाठी: आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटातली मैत्रीण, बहीण, शेजारीण. तुम्ही वकील असायची गरज नाही. पण एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा. मारहाणीविरुद्ध, घराबाहेर काढण्याविरुद्ध, जमिनीच्या वाट्यासाठी दाद मागताना एचआयव्हीचं नाव घ्यावंच लागतं असं नाही. बहुतेक कामं ते नाव न घेता होतात. मदत करणाऱ्यांच्या उत्साहात तिचं गुपित फुटतं, आणि मग मदतीपेक्षा नुकसान मोठं होतं.

पहिल्या दिवशी: जीव आणि गोळ्या

मारहाण चालू असेल तर ११२. महिला हेल्पलाइन १८१. एचआयव्हीबद्दल मोफत आणि नाव न सांगता विचारायचं असेल तर १०९७. हे नंबर तिच्या फोनमध्ये दुसऱ्याच नावानं सेव्ह करून द्या.

निघायची वेळ येऊ शकते असं वाटत असेल तर एक पिशवी शेजारणीकडं किंवा बहिणीकडं आधीच ठेवा: आधार, रेशन कार्ड आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला किंवा निदान लग्नपत्रिका आणि फोटो, थोडे पैसे, एआरटीचं (एचआयव्हीवरच्या उपचाराचं) पुस्तक आणि शक्य तेवढ्या गोळ्या. घरातून बाहेर पडताना बायका मुलांचे कपडे घेतात आणि स्वतःच्या गोळ्या विसरतात. गोळ्यांत खंड पडला तर विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका असतो. म्हणून घर सुटलं तर पोलीस ठाण्याइतकीच एआरटी केंद्राचीही घाई करा. गोळ्या संपल्या, सासरच्यांनी फेकल्या, पुस्तक हिसकावून घेतलं, असं काहीही झालं तरी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या किंवा ती जिथं जाते त्या केंद्रातल्या काउन्सेलरला सरळ सांगा. नोंद केंद्रात असते, पुस्तक हरवलं म्हणून उपचार थांबत नाही.

आपल्या जिल्ह्यात एक अडचण हमखास येते. माहेर निपाणी, चिकोडी, बेळगावकडं असतं, म्हणजे दुसऱ्या राज्यात. घाबरू नका. एआरटीचा कार्यक्रम देशभर एकच आहे. थोड्या दिवसांसाठी गेली असेल तर तिथल्या केंद्रातून तात्पुरत्या गोळ्या मिळतात, कायमची गेली असेल तर नाव तिकडं वर्ग करून घेता येतं. कोर्टाचंही तसंच: कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज ती सध्या जिथं राहते तिथल्या कोर्टात करता येतो, मग ते राहणं तात्पुरतं का असेना. तारखांना सासरच्या गावी हेलपाटे घालायची सक्ती नाही.

राहायला जागाच नसेल तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, समुपदेशन, पोलीस आणि वकिलाची मदत एकाच ठिकाणी मिळते. १८१ वर फोन केला तरी तिथपर्यंत पोचता येतं.

जबरदस्ती झाली असेल तर ७२ तास

बलात्कार झाला असेल आणि तिला एचआयव्ही नसेल, किंवा आहे की नाही हे माहीत नसेल, तर संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. खरं तर पहिल्या दोन तासांत झाली तर सगळ्यात चांगलं. तासातासानं त्यांचा उपयोग कमी होतो. कोर्स २८ दिवसांचा, सरकारी दवाखान्यात मोफत. याला पीईपी म्हणतात. अपघात विभागात हाच शब्द वापरा.

बलात्कारातून वाचलेल्या बाईवर ताबडतोब आणि मोफत उपचार करणं प्रत्येक दवाखान्याला, खासगीलासुद्धा, बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ त्यासाठीच आहे. "आधी एफआयआर आणा" म्हणणारा दवाखाना चुकतोय. तपासणीला तिची संमती लागते, आणि तपासणीला नकार देऊनही ती उपचार घेऊ शकते. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदाच्या पिशवीत ठेवा. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, हे तिला आणि तिच्या आईला आधीच सांगा.

अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्यानंच जबरदस्ती केली तर आजच्या कायद्यात तो बलात्काराचा गुन्हा ठरत नाही. हा कायद्यातला मोठा अन्याय आहे. पण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट धरला आहे, त्यामुळं त्या वाटेनं संरक्षण मागता येतं. आणि नवऱ्याला एचआयव्ही असून तो कंडोमशिवाय बळजबरी करत असेल तर पीईपीची चौकशी त्याच दिवशी करा.

देहविक्री करणाऱ्या बाईलाही हे सगळे हक्क तेवढेच आहेत. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला तर इतर कुठल्याही पीडितेला मिळते तीच सगळी मदत तिला मिळाली पाहिजे, असं सांगितलं आहे. ठाण्यात कुणी "तुला काय झालं त्यात" असं बोललं तर ही तारीख सांगा.

कागद जमवणं

तारीख, वेळ, काय झालं, कोण होतं, एवढं रोज चार ओळींत लिहा. तिला लिहिता येत नसेल तर ती सांगेल आणि तुम्ही लिहा, तिच्याच शब्दांत. वही घरात ठेवणं धोक्याचं असेल तर तुमच्याकडं ठेवा. जखमांचे फोटो, शिव्यांचे व्हॉइस मेसेज, फाडलेल्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो एका विश्वासाच्या फोनवर पाठवून तिच्या फोनमधून पुसा.

दवाखान्यात नेल्यावर नवरा किंवा सासू शेजारी उभी असते आणि केसपेपरवर "घसरून पडली" असं लिहिलं जातं. म्हणून डॉक्टरांना तिच्याशी एकटीनं बोलू द्या अशी विनंती करा. कोणी, कशानं, कधी मारलं हे केसपेपरवर यायला हवं आणि त्याची प्रत हातात हवी. कोर्टात पुढं याच कागदाचं वजन पडतं.

दाद मागायच्या दोन वाटा

एक वाट पोलिसांची. नवरा किंवा सासरच्यांनी केलेला छळ भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच ४९८-अ होतं. शून्य एफआयआर कुठल्याही ठाण्यात होते: घटना शिरोळची असली तरी कोल्हापूर शहरातलं जुना राजवाडा किंवा शाहूपुरी ठाणं तक्रार नाकारू शकत नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यानं नोंदच घेतली नाही तर लेखी तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोस्टाची पावती जपा.

दुसरी वाट कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. माझ्या मते बहुतेक बायकांना आधी हीच वाट उपयोगाची आहे, कारण त्यांना कुणाला तुरुंगात घालण्यापेक्षा मार थांबायला, घरात राहायला आणि हातात चार पैसे यायला हवे असतात. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. विधवा सून, बहीण, आई, लग्नासारख्या नात्यात राहिलेली बाई, सगळ्या यात येतात. तक्रार सासू-नणंदेविरुद्धही करता येते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वाट मोकळी केली. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, हे २०२० च्या निकालात आलं.

कुठं जायचं? महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याकडं. ते मोफत कौटुंबिक घटना अहवाल भरून कोर्टात पाठवतात. ते भेटत नसतील, जागा रिकामी असेल, तर थांबू नका. हा अहवाल नसला तरी अर्ज चालतो, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये एका विधवेच्याच खटल्यात स्पष्ट केलं आहे. कसबा बावड्याच्या न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

अर्जात काय मागायचं ते नीट लिहिलं नाही तर कोर्ट आपणहून देत नाही. म्हणून सगळं मागा: मारहाण आणि संपर्काला मनाई (कलम १८), घरातून न काढण्याचा हुकूम किंवा पर्यायी घराचं भाडं, स्त्रीधन परत (१९), दरमहा खर्च आणि औषधपाण्याचे पैसे (२०), मुलांचा तात्पुरता ताबा (२१), भरपाई (२२). आणि कलम २३ खाली ताबडतोबीचा अंतरिम हुकूम, ज्यासाठी समोरच्याला ऐकून घेईपर्यंत थांबावं लागत नाही. कायद्याप्रमाणं पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हायला हवा. प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणूनच अंतरिम हुकमावर जोर द्या. हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

अर्जाची भाषा कशी असावी, त्याचा एक नमुना. तारखा आणि तपशील तिचे घाला:

"माझ्या पतीच्या निधनानंतर सासू व दीर यांनी मला स्वयंपाकघरात जाण्यास मनाई केली. माझी व माझ्या मुलीची भांडी, अंथरूण वेगळे केले. शेतातल्या उसाचे बिल दिरांनी परस्पर घेतले. अमुक तारखेस रात्री मला मारहाण करून मुलीसह घराबाहेर काढले व माझी औषधे बाहेर फेकून दिली. मला नियमित औषधोपचार चालू आहेत व त्याचा खर्च व प्रवासखर्च मला झेपत नाही."

यात आजाराचं नाव नाही. भांडी वेगळी करणं, औषधं फेकणं हा छळ आहे, आणि तो कुठल्या आजारावरून झाला हे न सांगताही सिद्ध करता येतो.

नाव घ्यावंच लागलं तर

कधीकधी समोरचा पक्षच कोर्टात ते बोलतो, किंवा औषधाच्या खर्चासाठी सांगणं तिच्या फायद्याचं असतं. त्यासाठी एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३४ प्रमाणं खटला टोपणनावानं चालवा, सुनावणी बंद दाराआड घ्या, नाव छापायला मनाई करा, अशी मागणी करता येते. हा अर्ज पहिल्याच तारखेला द्या, एकदा नाव फुटल्यावर त्याचा उपयोग नाही. कलम ३५ सांगतं की पोटगीचा अंतरिम अर्ज ऐकताना कोर्टानं एचआयव्हीशी संबंधित खर्चही लक्षात घ्यावा. कलम २९ तर सरळ म्हणतं की तिला सामायिक घरात राहण्याचा, त्यातल्या कोणत्याही भागातून वगळलं न जाण्याचा आणि तिथल्या सोयी वापरण्याचा हक्क आहे. चुलीची बंदी या कलमात बसते. आणि हे संरक्षण फक्त बाधित बाईला नाही. बाधित माणसासोबत जी राहते किंवा राहत होती, तिलाही आहे. म्हणजे स्वतः निगेटिव्ह असलेली विधवाही यात येते.

"तू रोग लावलास, तुझ्यावर केस करतो," ही धमकी हमखास येते. नवऱ्याला सांगितल्यास मार पडेल, घराबाहेर काढतील, अशी रास्त भीती असेल तर तिनं सांगितलं नाही म्हणून कायदा तिला दोष देत नाही. डॉक्टर आणि काउन्सेलरनाही अशा वेळी, विशेषतः बाईच्या बाबतीत, जोडीदाराला कळवायला मनाई आहे. हे काउन्सेलिंगच्या पहिल्याच भेटीत बोला: "घरी कळलं तर मला धोका आहे," एवढं वाक्य तिनं म्हणावं आणि ते नोंदवून घ्यावं.

सोबतिणीनं पाळायचं पथ्य इथंच येतं. तिला विचारल्याशिवाय तिच्या भावालाही सांगायचं नाही. गटाच्या व्हॉट्सॲपवर नाव न लिहिता "आपल्या गावातली एक बाई" असं लिहिलं तरी गावाला कळतं. एआरटी केंद्राच्या रांगेत सोबत उभं राहण्याआधी तिला विचारा, कारण तुमच्याकडं बघून तिला ओळखणारे असतात. तिनं सांगायचं ठरवलंच तर कुणाला, किती आणि कधी, हे तिचं तिनं ठरवावं.

घरातल्यांच्या मनातली भीती खरी असते, तिच्याशी बोलावं लागतं. ताट, पाणी, संडास, मिठी, डास यांतून एचआयव्ही पसरत नाही. गोळ्या नीट चालू असून रक्तातला विषाणू मोजण्याच्या पलीकडं कमी झाला असेल तर शरीरसंबंधातूनही तो पसरत नाही. हे तुम्ही सांगण्यापेक्षा केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलेलं सासू ऐकते. अर्थात, बाईची तयारी असेल तरच सासूला तिथवर न्या.

दवाखान्यात अडवलं तर

बाळंतपण किंवा ऑपरेशन टाळणं, "इथं होत नाही, मोठ्या दवाखान्यात जा" म्हणणं, खाटेवर किंवा फायलीवर मोठ्या अक्षरांत लिहिणं, सगळ्यांदेखत ओरडून सांगणं. भेदभाव असाच होतो आणि तो बेकायदेशीर आहे. संमतीशिवाय गर्भपात किंवा नसबंदी करता येत नाही.

पहिलं, नकार लेखी मागा. पुष्कळदा तिथंच भाषा बदलते. दुसरं, वीस किंवा जास्त माणसं काम करतात त्या दवाखान्यात तक्रार अधिकारी असायला हवा. त्याच्याकडं लेखी द्या आणि पोहोच घ्या. तिसरं, या कायद्याखालच्या लोकपालाकडं तक्रार. त्यांनी तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो, आणि जिवावर बेतलेली वेळ असेल तर शक्यतो चोवीस तासांत. आदेश पाळला नाही तर दहा हजारांपर्यंत दंड, पुढं रोज पाच हजारांपर्यंत. लोकपाल कोण, अर्ज कुठं द्यायचा, याची चौकशी जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाकडं, म्हणजे डापकूमध्ये करा. पोटात कळा असलेल्या बाईला घेऊन कलमं सांगत बसू नका. आधी डापकूला किंवा एआरटीच्या डॉक्टरांना फोन लावा, तक्रार दुसऱ्या दिवशी.

शेत, घर, ऊसबिल

आपल्याकडं हिंसेच्या मुळाशी जमीन असते. आजार हे निमित्त. नवरा वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं द्या. नंतरही देता येतो, पण तोवर दुसऱ्यांची नावं लागतात. हिंदू वारसा कायद्यात विधवा, मुलं, मुली आणि नवऱ्याची आई यांना सारखा वाटा आहे. तिनं दुसरं लग्न केलं तरी मिळालेला वाटा जात नाही. मुस्लिम विधवेचा वाटा मुलं असतील तर एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश.

एकच कागद सगळं बुडवतो: हक्कसोडपत्र. "दवाखान्याचं बघतो, तू इथं सही कर," असं म्हणून दुय्यम निबंधकाकडं नेतात. वाचून घेतल्याशिवाय, वकिलाला दाखवल्याशिवाय कुठंही अंगठा नाही. कोऱ्या कागदावर तर नाहीच. कारखान्याला आणि दूध संस्थेला लेखी कळवा की वारसाचा प्रश्न आहे, बिल परस्पर देऊ नये. नॉमिनी म्हणून दिराचं नाव असलं तरी तो पैशाचा मालक होत नाही, तो फक्त ताब्यात घेणारा; वाटा वारसांचा.

मदतीच्या योजना मागताना पुन्हा तोच विचार. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिना १५०० रुपये मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. एड्सच्या आजारावरूनही अर्ज करता येतो, आणि निराधार विधवा म्हणूनही. ती विधवा असेल तर विधवा म्हणूनच करा. आजाराचा दाखला तलाठी आणि तहसीलच्या टेबलांवरून फिरवायची गरज नाही. मुलांसाठीच्या बालसंगोपन योजनेत दर मुलामागं महिना २२५० रुपये आहेत. तिथंही एकल पालक एवढं कारण पुरतं. घरचौकशीला माणूस येतो, तेव्हा कोणी काय बोलायचं हे आधी ठरवा.

गावात आणि कचेरीत

शाहू महाराजांनी १९१९ मध्येच करवीर संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही हे करावं असं परिपत्रक काढलं. गावाच्या ठरावाला वजन असतं. पण "एचआयव्हीबाधित महिलांसाठी" असा ठराव मागू नका, लोक लगेच माणसं मोजायला लागतात. "विधवेची वारस नोंद वेळेत करू, तिला घराबाहेर काढू देणार नाही," असा सगळ्यांना लागू होणारा ठराव आधी महिला ग्रामसभेत आणि मग ग्रामसभेत आणा.

जिल्ह्याच्या पातळीवर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचं तिकीट लावून महिला व बालविकास कार्यालयाला विचारा: संरक्षण अधिकाऱ्यांच्या किती जागा मंजूर, किती भरल्या, गेल्या वर्षी किती कौटुंबिक घटना अहवाल कोर्टात गेले. सरकारी दवाखान्याला विचारा: एचआयव्ही कायद्याखालचा तक्रार अधिकारी कोण, त्याचं नाव कुठं लावलं आहे. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील. हाती आलेले आकडे घेऊन मग जिल्हाधिकाऱ्यांना, आमदारांना भेटा. वरच्या कोर्टात दाद मागायची वेळ आली तरी आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं.

माहितीचा अर्ज, निवेदन, ठरावाची मागणी, हे सगळं तुमच्या किंवा गटाच्या नावानं करा. निवेदनाला तिची केस जोडू नका, आणि साहेब "उदाहरण द्या" म्हणाले तरी तिला तिथं उभी करू नका.